कारणाचा रकाना

सायक्लोस्टाइल केलेल्या त्या कागदावर सतरा प्रश्न होते. अठरावा प्रश्न नव्हता, नुसता एक रकाना होता आणि त्यावर लिहिलं होतं: संभाव्य कारण. एखादं मूल जन्मतःच काही व्यंग घेऊन आलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या आईपाशी बसून हा कागद भरायचा, हे काम आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. बोरिवलीतल्या एका म्युनिसिपल प्रसूतिगृहात मी सिस्टर होते. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती.

आवाजही तसाच होता. सोळा खाटांचा वॉर्ड, प्रत्येक खाटेवर रडणारं मूल, भोवती नातेवाईक. तिथे हळू बोलून भागायचं नाही हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला मोठ्याने बोलायची हौस होती. दहिसरला आमच्या चाळीत शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. वडील गिरणीत, आई मालवणकडची, आणि मी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात बसच्या रांगेत ताठ मानेने उभी. कुणी चूक दाखवली की माझं डोकं फिरायचं. वॉर्डातल्या आया पाठीमागे मला 'भोंगा' म्हणायच्या. ते मला माहीत होतं आणि थोडं आवडतही होतं.

बहुतेक मुलं धडधाकट जन्मायची, हे आधीच सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तिथे दुसरं काही घडतच नव्हतं. पण अधूनमधून एखादं वेगळं यायचं. कुणाचे पाय घोट्यापासून आत वळलेले असायचे. कुणाची बोटं एकमेकांना चिकटलेली. एकाच्या पाठीवर, मणक्याच्या टोकाशी, पाण्याने भरलेली पातळ पिशवी होती आणि त्याचे पाय हलतच नव्हते. एक मुलगी दिसायला गोंडस, पण रडली की तिचे ओठ निळे पडायचे. तिच्या हृदयात भोक होतं. आणि एक असं आलं, की त्याची कवटी वरून झाकलेलीच नव्हती. ते तासभर जगलं. त्याच्या आईला मी ते दाखवलं नाही. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, बोलणं इतकं हळू की ऐकायला जवळ जावं लागे. त्यांनी मला एकदा औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून समजावलं होतं. पोटात मुलाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. दोन्ही बाजूंनी भाग पुढे येतात आणि मध्यावर जुळतात. ओठ तसाच जुळतो, टाळूही तसाच. मणकाही मागून असाच मिटत जातो. हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत उरकतं. त्या दिवसांत बाईला पाळी चुकली एवढंच ठाऊक असतं, कधी तेही नसतं. आणि तेवढ्यात कुठेतरी जुळायचं राहून जातं.

"पण का राहतं?" मी विचारलं.

काही कारणं तोवर कळली होती. सुरुवातीच्या महिन्यांत आईला एका जातीचा पुरळाचा ताप आला, तर मूल आंधळं किंवा बहिरं जन्मू शकतं. परदेशात मळमळीवर दिलेल्या एका गोळीने कितीतरी मुलं अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती, आणि ती गोष्ट अजून जुनी झाली नव्हती. आईला साखरेचा आजार असेल, तिचं वय फार असेल, नवरा-बायको आते-मामे भावंडं असतील, घरात आधी कुणाला तसं असेल, तर शक्यता वाढते. म्हणूनच ते सतरा प्रश्न.

"आणि बाकीच्यांचं काय?"

"बाकीचीच जास्त आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यापुढे 'अज्ञात' लिहायचं. आणि तो शब्द लिहायची लाज वाटून घ्यायची नाही."

मला वाटायची. चांगलीच वाटायची. कारण मी एवढी शिकलेली असून माझ्याकडे कारण नसायचं, आणि वॉर्डातल्या कुठल्याही बाईकडे ते तयार असायचं. ग्रहणात भाजी चिरली. तिन्हीसांजेला चिंचेखालून गेली. कुणाचे तरी तळतळाट लागले. मी त्यांना झापायचे. 'असं काही नसतं' म्हणायचे, आणि मग त्या विचारायच्या, 'मग कसं असतं?' त्या प्रश्नाचा राग मी पुढच्या खाटेवर काढायचे.

खरं तर मला हे स्वतःच्या हातावरून कळायला हवं होतं. माझ्या डाव्या हाताला जन्मतः सहावं बोट होतं, करंगळीच्या बाजूला, नखासकट. माझ्या आजोबांनाही होतं. आमच्याकडे ते शुभ मानतात. "ह्या बोट लक्षुमीचा आसा, तेका कोणी हात लावूचो नाय," असं आई ज्याला त्याला सांगायची. नर्सिंगला गेले तेव्हा रबरी हातमोजे चढेनात, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मी ते काढून टाकलं आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण ते बोट का आलं, असं मला किंवा आईला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. ज्याचं कौतुक होतं त्याचं कारण कुणी शोधायला जात नाही. हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचं झालं नसतं.

ती चारकोपची होती. आज तिथे सेक्टर आणि इमारती आहेत. तेव्हा खाडी, तिवरं आणि काठावरचं कोळ्यांचं जुनं गाव होतं. बावीस वर्षांची, सडसडीत, फार बोलायची नाही. पहिली मुलगी अजून दीड वर्षाचीही झाली नव्हती. ही दुसरी वेळ. बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगा झाला, रडला चांगला दणकून. आणि रडताना त्याचं तोंड उघडलं तेव्हा मला दिसलं. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आणि आत टाळूलाही तशीच फट.

तिच्यासोबत सासू आली होती. पन्नाशी उलटलेली, काटक, लुगड्याचा कासोटा, हातात बांगड्यांची चळत. बाहेरच्या बाकावर ती बसून होती. मी बाळ तिच्यापुढे धरलं. पदराने तिने बाळाचं तोंड झाकलं आणि पुन्हा उघडून बघितलं. मला वाटलं, घाबरली.

त्या सुनेच्या दिवसांत ग्रहण झालं नव्हतं. सासूने, शेजारणींनी, गावातून बघायला आलेल्या बायकांनी बोटांवर महिने मोजून खात्री करून घेतली होती. आज मला वाटतं, एखादं ग्रहण असतं तर बरं झालं असतं. आळ आभाळावर गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेले, आणि मुद्दाम चारच्या ठोक्याला गेले. चार ते सहा भेटायची वेळ. घराण्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं सुनांना देता येत नाहीत, सासवांना येतात, असा माझा अनुभव होता. तेव्हा सगळी माणसं जमलेली असताना कागद भरला की एका फेरीत काम होतं. माझी ही पद्धत मला फार हुशारीची वाटायची. सासू खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. नवरा होडीवरून परस्पर आला होता आणि खिडकीशी उभा होता. मी स्टूल ओढलं आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

वय. कितवी खेप. लग्नाआधी नात्यातले होतात का? नाही. पहिल्या तीन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ? नाही. साखरेचा आजार? नाही.

"घरात आधी कुणाला असं होतं का? ओठ, टाळू?"

सुनेने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "आमच्यात असा कोन नाय. सगले धड."

मी 'नाही' लिहिलं. "पहिल्या तीन महिन्यांत काही औषध? गोळी? झाडपाला, काढा?"

सुनेने मान खाली घातली. मला थांबायला हवं होतं. मी प्रश्न पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने, तिला ऐकू आलं नाही असं समजून.

"घेतला," ती म्हणाली. "काढा घेतला. तीन दिस."

"कशासाठी?"

हे कागदावर नव्हतं. हे मी माझ्या मनाने विचारलं.

"पाळी यावी म्हनून. पोरगी अजून अंगावर पीत होती. मना परत एवढ्यात नको होता." आणि मग, खूप हळू, "पन नाय आली पाळी."

गर्भपाताचा कायदा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि चारकोपच्या खाडीपर्यंत तर तो पोचलाच नव्हता. तिथे गावातली एक म्हातारी होती आणि तिचा काढा होता. मी मान खाली घालून 'काढा, तीन दिवस' असं व्यवस्थित लिहिलं. वर बघितलं तेव्हा आजूबाजूच्या खाटाही गप्प झाल्या होत्या. नवरा खिडकीपासून एक पाऊल पुढे आला होता.

"मंग तूच केलास ह्या," तो म्हणाला. "माज्या पोराला मारायला निघालेलीस."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं, तेवढं मला जमत होतं. तो फक्त वळला आणि चालता झाला. सासू तशीच बसून राहिली, जमिनीकडे बघत. सून भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि मी, सांगायला लाज वाटते, शेवटच्या रकान्यात 'काढा' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, चला, एकदाचं कारण सापडलं.

मॅडमनी कागद वाचला, पेन उघडलं आणि तो शब्द खोडला.

"हे कुणी ठरवलं?"

मी सांगितलं की तिने स्वतः कबूल केलं.

"कबूल?" त्या म्हणाल्या. "तो काय पोलिसांचा जबाब आहे? असे काढे घेतलेल्या कितीतरी बायकांना धड मुलं होतात. आणि असा ओठ घेऊन आलेल्या बहुतेक मुलांच्या आयांनी काहीच घेतलेलं नसतं. तो कुठला पाला, कितव्या आठवड्यात, काय त्यात होतं, तुम्हाला माहीत आहे? मला नाही." मग त्यांनी विचारलं, "कुणासमोर विचारलंत?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच. त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तर बरं वाटलं असतं.

नवऱ्याला त्यांनी निरोप धाडून बोलावलं आणि समजावलं की काढ्याने असं झालं असं कुणी म्हणू शकत नाही, याचं कारण माहीत नाही, पुढे शस्त्रक्रियेने ओठ शिवता येतो, टाळूही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुमाला म्हायत नाय ना? मना म्हायत हाय." डॉक्टरला ठाऊक नाही म्हणजे बायकोचा काढाच खरा, असा त्याचा हिशेब झाला. त्याच्या चुलतभावाकरवी पक्का निरोप आला: घरी न्यायच्या दिवशी बाळ आमच्याकडे येईल, तिला तिच्या आईकडे मनोरीला धाडा. थोरल्या मुलीलाही तिच्याकडे द्यायचं नाही.

आता खरा घोर बाळाचा होता. टाळूला फट असली की मुलाला ओढून पिता येत नाही. तोंडात पोकळी धरत नाही, आणि गेलेलं दूध नाकातून परत येतं. आईचं दूध काढून आम्ही चमच्याने पाजायचो, ड्रॉपरने पाजायचो. तो ठसकायचा, निळा व्हायचा, आम्ही घाबरून थांबायचो. चौथ्या दिवशी त्याचं वजन इतकं उतरलं होतं की मी काटा पुन्हा तपासला. रडणंही बारीक झालं होतं. आई दूध काढून द्यायची, पण त्याला हातात घ्यायची नाही. तिला वाटत होतं, आपला हात लागला की तो मरेल. हे तिने मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात. अशा वेळी काय बोलायचं असतं हे मला नर्सिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, एवढंच.

सासू रोज यायची. डब्यात तांदळाची भाकरी आणि पेज घेऊन, भर दुपारी, चारकोपहून चालत. डबा सुनेपुढे ठेवायची आणि पायथ्याशी बसायची. सुनेशी एक शब्द बोलायची नाही. मला तिचा भयंकर राग यायचा. अशा सासवा मी खूप बघितल्या होत्या असं मी स्वतःला सांगायचे.

पाचव्या दिवशी दुपारी मी बाळाला मांडीवर आडवं घेऊन ड्रॉपर लावत होते. तो ठसकला, दूध नाकातून आलं, चेहरा काळानिळा. मी त्याला पालथं करून थोपटत असताना ती उठली. "दे," म्हणाली. मी 'बसा मावशी' असं खेकसले. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या हातातून बाळ घेतलं, उभं धरलं, डोकं आपल्या खांद्याच्या खोबणीत टेकवलं. मग पदराची गाठ सोडून एक शिंप काढली. जुनी, गुळगुळीत, कडा झिजलेली. मला म्हणाली, "ऊन पानी आन, धू हिला."

मी धुतली. का कोण जाणे, धुतली.

तिने शिंपेत थोडं दूध घेतलं. ते तिने मधे ओतलं नाही. गालाच्या आत, जिथे फट नव्हती त्या बाजूला, कडेने सोडलं. मग थांबली. त्याचा गळा हलला. पुन्हा थोडं. पुन्हा थांबली. मधेच करंगळीने त्याची हनुवटी खालून उचलली, नाक पुसलं, पुन्हा थोडं. कुठेही घाई नाही, कुठेही चाचपडणं नाही. वाटीतलं दूध संपायला बराच वेळ लागला, पण ते संपलं, आणि ते नाकातून आलं नाही. मी अख्ख्या वॉर्डासमोर तोंडात मारल्यासारखी उभी होते. असं पाजणं एका दिवसात येत नाही. हे हात आधी हे करून बसले होते.

ती शिंप धुवायला मागच्या नळावर गेली तेव्हा मी तिच्या मागे गेले. तिथे कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू आवाजात प्रश्न विचारला.

"मावशी, कुणाला पाजलं होतं असं?"

तिने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजात बोलली.

"माजी पोर. ह्या लेकाच्या आधीची. ओठ असाच, टालू असाच. तवा दवाखाना कुठं? माज्या आईनं ही शिंप दिली नि शिकवला. एकोनीस दिस पाजला मी तिला. मंग छातीत दूध गेला, ताप आला, नि गेली."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"सासू बोललेली, जनमभर कुनाला बोलू नको." तिने शिंप पदराला पुसली. "मी पोटुशी असताना पोटात अंडी असलेली, गाभोलीची मासली चिरली, म्हनून असा झाला, बोलली. नवऱ्यानं वरीसभर माज्या हातचा पानी नाय घेतला. तिला नाव पन ठेवला नाय आमी. नाव नाय, मंग सांगू काय? लेकाला म्हायत नाय आपल्याला बहीन होती."

मी तिथेच नळापाशी बसले. रडू मला सहसा येत नाही, तेव्हा आलं. त्या मुलीसाठी आलं असं म्हणायला मला आवडेल, पण ते माझ्यासाठी होतं. तीन दिवसांपूर्वी मीही तेच केलं होतं. फरक एवढाच की मासळीऐवजी माझ्याकडे काढा होता, आणि तिच्या सासूने घरात दाबून ठेवलं, मी सोळा खाटांना ऐकवलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्या अशी असेल तर ते घराण्यातून आलेलं असण्याची शक्यता नक्कीच वाढते. पण खात्री देता येणार नाही. एका घरात उतरतं, दुसऱ्या घरात उतरत नाही. कुणाकडून काय आलं, ते आज तरी कुणाला सांगता येत नाही. मी विचारलं, मग त्या नवऱ्याला निदान एवढं सांगू? त्या म्हणाल्या, "ते सांगायचं की नाही हे त्या बाईंना विचारा. ती त्यांची गोष्ट आहे. आणि या वेळी खरं तेवढंच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाळाचं वजन अगदी थोडं वाढलं होतं. सासू पाजत होती आणि सून पहिल्यांदाच तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. पाजून झाल्यावर मी म्हातारीला बाहेरच्या बाकावर नेलं आणि मॅडम जसं बोलल्या तसंच्या तसं सांगितलं. घराण्यातून आलं असेल. कदाचित तसंही नसेल. कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणाचा दोष नाही, तुमचाही नाही, आणि मासळीचा तर मुळीच नाही.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुना म्हायत नाय."

"नाही."

"मडमला पन नाय."

"नाही."

"बाय, तुमाला 'म्हायत नाय' बोलून चालतं. तुमी कागद मिटून घरी जाता." रागाने नाही बोलली, मला समजावल्यासारखं. "माज्या लेकाला कुनाला तरी बोलायचा हाय. तिना बोलंल तर तिना मनोरीला धाडंल. ती गेली का दूध गेला, नि दूध गेला का बाल मरंल. मना बोलला तर मी कुठं जातंय? माजं वय झालं. माज्यावर लिव."

मी म्हटलं, मावशी, तसं लिहिता येत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही.

"काढा सिद्ध झाला होता?" ती म्हणाली. "तो बरा लिवलास."



घरी सोडायच्या दिवशी नवरा आला, सोबत चुलतभाऊ. भेटायचीच वेळ होती आणि वॉर्ड भरलेला. सुनेने आपलं बोचकं वेगळं बांधलं होतं आणि बाळाचं वेगळं. सासू उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आन तुजा कागद. इथंच विचार. त्या दिशी विचारलास तसा."

 मी कागद आणला आणि तिच्यासमोर उभी राहून प्रश्न वाचला. "घरात आधी कुणाला असं होतं का? ओठ, टाळू?"

"हाव. माजी पोर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ह्याची थोरली बहीन. एकोनीस दिस जगली. लपवला मी. ह्या माज्याकडनं आलाय. सुनेचा काय नाय त्याच्यात. काढ्याचा काय नाय."

लेकाचा चेहरा बघवत नव्हता. आधी त्याला काही समजलंच नाही. मग त्याने विचारलं, "म्हंजे तुज्याकडनं आला?"

"माज्याकडनं."

तसं नक्की सांगता येत नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी ते गिळलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. 'कुटुंबात पूर्वी: होय, आत्या.' शेवटच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलं, कारण तेच खरं होतं. पण ते मी मोठ्याने वाचलं नाही.

 लेकाने खाटेवरची दोन्ही बोचकी उचलली, दोन्ही एकाच हातात घेतली, आणि दुसऱ्या हाताने बायकोला चल अशी खूण केली. आईसमोरून जाताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली, मागोमाग चुलतभावाची.

म्हातारी खाटेच्या कडेवर बसली. आता तिला जायची घाई नव्हती. आता आपल्या मागून कुणी येईल की नाही, आपण कुणाच्या मागून जायचं की नाही, हे तिचं तिलाच कळत नसावं.  मी चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

सून दारापर्यंत गेली होती. टाके ओले होते, तिला वाकून चालावं लागत होतं. दाराशी ती थांबली, वळली, आणि सोळा खाटांमधून तेवढंच अंतर पुन्हा चालत परत आली. बाळ तिच्या हातात होतं, पहिल्यांदाच. तिने ते सासूच्या मांडीवर ठेवलं.

"ऊठ, आये," ती म्हणाली. "घरी पोचेस्तोवर त्याला परत भूक लागंल. मना अजून पाजता येत नाय."